बंद करा, तीस मोजा

मंगळवार, ४

आज मौनीबाबांचा फोन आला. दोन वर्षं आणि एक महिना तोंडाला कुलूप लावून बसलेला माणूस आज चक्क बोलला. "अगं, मशीनं अडायला लागलीत. तुझ्याशिवाय कुणाला कळत नाहीत. येशील का?"

मौनीबाबा म्हणजे माझे भावोजी, ताईचा नवरा, अंडी उबवणी केंद्राचे व्यवस्थापक. हे नाव मी ठेवलंय आणि ते फक्त माझ्या डोक्यात आणि आता या वहीत आहे. ते का ठेवलं, तेही लिहून टाकते. त्या दिवशी केंद्राच्या धुलाईच्या हॉलमध्ये बावीस माणसं उभी होती. तीन नंबरच्या यंत्रातली एकोणीस हजार अंडी मेली होती आणि वास घशापर्यंत येत होता. मालकीणबाईंनी विचारलं, "तापमानाचं सेटिंग कोणी बदललं?" पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता, मला आणि भावोजींना. मी बदललेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. तपकिरी बूट होते आणि डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. दहा मिनिटांत मी फाटकाबाहेर होते.

तेव्हापासून मी वजनकाटे दुरुस्त करते. अख्ख्या केंद्राची यंत्रणा जिनं स्वतःच्या हातानं उभी केली, ती मी आता भाजीवाल्यांचे काटे शून्यावर आणून देते.

फोनवर "बघते" म्हटलं. फोन ठेवला आणि दुकानात एकटीच हसले. बघते काय, धावत जाणार आहे. ही वही त्यासाठीच आज काढली. सूड घ्यायचाच आहे तर तो तारीखवार, नीट लिहून घ्यावा.

गुरुवार, ६

केंद्रात जाऊन आले. फाटकावर भावोजी स्वतः उभे होते. केस पांढरे झालेत. झाले तर झाले.

माझी यंत्रं मात्र होती तशी आहेत. प्रत्येक उबवणी कपाटाच्या बाजूला तळहाताएवढा एक संगणक आहे, आणि तो चालवायला युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली. त्याला डिस्क नाही, नखाएवढं एक कार्ड आहे, आणि ते कार्ड मी फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवलंय. कारण साधं आहे. इथली हवा दमट, वीज बेभरवशाची. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड नासतं, आणि सारखं लिहीत राहिलं तर झिजून मरतं. म्हणून रोजचं लिहिणं, म्हणजे नोंदी, तात्पुरत्या फाइली, सेटिंगसुद्धा, सगळं मेमरीत. यंत्र सुरू होताना कार्डावरचं सेटिंग उचलून मेमरीत मांडतं आणि त्यावर काम करतं. बंद झालं की मेमरी कोरी. पुन्हा सुरू झालं की कार्डावर जसं असेल तसं. एखादा बदल कायमचा हवा असेल तर 'जतन' नावाचा माझा एक आदेश आहे. तो दिला की तेवढ्यापुरतं कार्ड लिहायला उघडतं, बदल उतरवून घेतं आणि पुन्हा मिटतं.

भावोजींना हे सगळं कधीच झेपलं नसतं. त्यांना मी तेव्हा एवढंच शिकवलं होतं: काही अडलं तर बंद करा, तीस मोजा, चालू करा. ताजंतवानं उठेल.

आणि त्या बाबानं याचाच फायदा घेतला. सेटिंग बदलून अंडी मारली आणि मग यंत्र बंद करून मेमरीतल्या नोंदी पुसून टाकल्या. मी पोचले तेव्हा तीन नंबरच्या नोंदी जेमतेम दोन दिवसांच्या होत्या. पुरावा साफ. शिकवणारी मीच.

शुक्रवार, ७

आज तीन नंबर भरलं. एकोणीस हजार अंडी, ट्रेमागून ट्रे. एकविसाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या-पुढच्या नाही, त्याच्याही पुढच्या शुक्रवारी पिल्लं बाहेर येतील.

वेळापत्रक मी बसवलं. बाराव्या दिवसानंतर तापमान हळूहळू उतरवत न्यायचं, कारण आतली पिल्लं मोठी झाली की स्वतःच तापतात. वरून आपणही तेवढीच ऊब देत राहिलो तर ती आतल्या आत उकडून मरतात. दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं. उतरवण्याचं वेळापत्रक मीच शोधून काढलं होतं, मीच बसवलं होतं, आणि त्याच खेपेला कुणीतरी ते काढून जुनं लावलं. कुणीतरी म्हणे!

आज 'जतन' दोनदा दिलं. कुणाला बोट ठेवायला जागा नको.

तीन नंबरच्या बटणावर मौनीबाबांनी लोखंडी जाळीचा पिंजरा ठोकलाय, त्याला कुलूप. किल्ली त्यांच्याच कमरेला. बाकी कुठल्याच यंत्राला नाही. म्हणजे माझ्यावरचा अविश्वास असा ठोकून ठेवलाय, दोन वर्षं, सगळ्यांना दिसेल असा. बघून अंगाचा तिळपापड झाला.

निघताना त्यांनी सुट्या कार्डांचा डबा दिला. त्यात एक कार्ड कागदात गुंडाळलेलं, वर त्यांच्या अक्षरात 'तीन नंबर, जुनं' आणि अंडी गेली ती तारीख. म्हणाले, "हे मी काढून ठेवलं होतं. तू बघशील म्हणून." आता देताय? पुसून झाल्यावर? काय बघायचं त्यात. या वहीत खूण म्हणून घालून ठेवलंय.

सोमवार, १०

दिवसभर तिथेच होते. दोन नंबरच्या घड्याळाची वेळ शुक्रवारी दुरुस्त केली होती, आज बघते तर पुन्हा वीस मिनिटं मागे. रविवारी वीज गेली होती म्हणे. जतन करायचं राहिलं असणार. केलं. असल्या बारीकसारीक गोष्टीत होतं कधीकधी.

भावोजी तीन नंबरच्या हॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत. दुसऱ्या टोकाला जायचं असलं तरी अंगणातून वळसा घालून जातात, उन्हातान्हात. मी तिथे बसलेली असते म्हणून. एवढी शिसारी! माझ्यासाठी खुर्ची मात्र पाठवली, गादीवाली. आणि माझा जुना पेचकसांचा संच, तेल लावून, पुसून, त्याच डब्यात. दोन वर्षं का ठेवला होता कोण जाणे. लाच देतात.

गुरुवार, १३

मार्ग सापडला. इतका सोपा आहे की आंघोळ करताना सुचला आणि मी साबण तसाच ठेवून बाहेर आले.

मेमरीत एक छोटा आदेश लिहून ठेवायचा. फक्त मेमरीत, कार्डावर काही नाही. ठरलेल्या वेळी तो आदेश तापक, म्हणजे हीटर, चालू ठेवेल आणि स्क्रीनवर मात्र सदतीस दशांश तीनच दाखवत राहील. दोन तास. मग यंत्र स्वतःच बंद होऊन सुरू होईल आणि मेमरी कोरी. कार्डावर बघावं तर माझं वेळापत्रक जसंच्या तसं, दोनदा जतन केलेलं. किल्ली कुणाकडे? भावोजींकडे. पासवर्ड कुणाकडे? माझ्याकडे आणि भावोजींकडे, आणि मी तर त्या दिवशी माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर काटा तपासत बसलेली.

मग धुलाईच्या हॉलमध्ये बावीस माणसं उभी राहतील. मालकीणबाई विचारतील. आणि मी माझ्या बुटांकडे बघीन.

शनिवार, १५

विचार केला. ताईचं काय?

ते लोक केंद्राच्या आवारातल्या घरात राहतात. भावोजींची नोकरी गेली की घर गेलं. ताई माझ्याकडे येईल, मला दोन खोल्या आहेत. ते कुठेही जावोत.

ताईला वाईट वाटेल. मला वाटलं नव्हतं? त्या खेपेला मी कोणासाठी पळाले होते? वेळापत्रक बसवत होते, शेवटचा आकडा टाकला, चालवून बघितलं, चाललं, तेवढ्यात फोन आला की ताई न्हाणीघरात पडली, मनगट मोडलंय. भावोजी अंडी भरण्यात अडकलेले, म्हणून मी हातातलं तसंच टाकून धावले. यांच्याच बायकोला दवाखान्यात न्यायला! चार तास तिचा हात मांडीवर धरून बसले. आणि दोन आठवड्यांनी त्याची ही परतफेड.

नाही. दया बिया काही नाही.

सोमवार, १७

दहावा दिवस, अंडी दिव्यावर धरून बघायचा दिवस. हे काम कंदीलबाईचं. तिचं खरं नाव कुणी घेत नाही, तीस वर्षं ती अंधाऱ्या खोलीत अंडी उजेडावर धरतेय. मला हाक मारून म्हणाली, "या, बघा तरी. नुसत्या तारा जोडता, आत काय असतं ते कधी बघितलंय का?"

अंड्याच्या आत लाल शिरांचं जाळं होतं आणि मधोमध एक काळा ठिपका हलत होता. ती म्हणाली, "हा उड्या मारतोय बघा. मागे ती अंडी गेली ना, त्यानंतर साहेब इथे येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत. मेलेली अंडी एकेक करून उजेडावर धरायचे, आणि मीच सांगायचे, आता पुरे, घरी जा."

पश्चात्ताप होता तर तोंड का उघडलं नाही? बावीस माणसांसमोर तोंड उघडायला कंदील लागत नाही.

मी ते अंडं तिला परत दिलं. हातात बराच वेळ गरम वाटत राहिलं.

बुधवार, १९

केलं.

शनिवारी दुपारी एकला. एक ते दोन जेवणाची सुट्टी, हॉलमध्ये कुणी नसतं. तेराच ओळी झाल्या. खोटं कशाला लिहू. इतकं नीटनेटकं काम मी दोन वर्षांत केलं नव्हतं. सगळं मेमरीत. उद्यापासून मी येणार नाही असं भावोजींना सांगितलं, दुकानात काम साठलंय.

ते म्हणाले, "शुक्रवारी जेवायला ये. ताईनं सांगितलंय." मी हो म्हटलं. शेवटचं जेवण घालतायत बिचारे.

शुक्रवार, २१

ताईकडून आत्ताच आले. रात्रीचे साडेदहा. काय लिहू, कुठून लिहू.

जेवणं झाली. ताई भांडी आवरत होती. तिचं ते मनगट अजून नीट वळत नाही, पातेलं डाव्या हातानं उचलते. भावोजींनी एकदम ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मला तुझ्याशी बोलायचंय. दोन वर्षं बोलायचंय."

मी म्हटलं, "बोला की. तोंडाला काय झालंय?"

"ते यंत्र मी बंद केलं होतं," ते म्हणाले. "तीन नंबर. अकराव्या दिवशी. स्क्रीन गोठली होती, आकडा हलेना. तू सांगितलं होतंस तसं बंद केलं, तीस मोजले, चालू केलं. उठलं, नीट चाललं. मला वाटलं झालं काम. आणि मग... माझ्या त्या बटणानं काहीतरी पुसलं गेलं, अगं. तुझं वेळापत्रक. मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली. घर डोळ्यांसमोर आलं. ही आत हात गळ्यात बांधून बसलेली. तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी भित्रा आहे. एकोणीस हजार जीव माझ्या बोटानं गेले आणि शिक्षा तुला झाली."

आणि रडले. माणूस रडताना मी पाहिलाय, पण हा माणूस कधी नाही. ताई ओल्या हातानं दारात उभी राहिली. तिलाही आजच कळत होतं.

मला काय वाटलं ते इथे तरी खरं लिहिते. मला बरं वाटलं. खूप बरं. दोन वर्षांची तहान भागावी तसं. मी काहीच बोलले नाही, माझ्या चपलांकडे बघत राहिले. ताई म्हणाली, "छोटे, काहीतरी बोल गं." मी उठले आणि निघून आले. आता कळू दे गप्प बसलं की समोरच्याला कसं होतं ते.

शनिवारी एकला जे व्हायचं ते होऊ दे. कबुली दिली म्हणून माफी कुठे मागितली? मागितली का? मला आठवत नाही. मागितली असावी.

शनिवार, २२

हे मी दुपारी तीनला लिहितेय.

सकाळी दुकान उघडलं. काल रात्री झोप चांगली लागली होती, विजयाची झोप. काटा उघडून बसले, पण भावोजींचं वाक्य डोक्यातून जाईना. बटणानं वेळापत्रक पुसलं गेलं. मनात म्हटलं, अडाणी आहेत, बटणानं काही पुसलं जात नाही. बंद करून चालू केलं की कार्डावर जे आहे तेच परत येतं. माझं वेळापत्रक कार्डावर होतं, तर तेच परत आलं असतं.

होतं ना कार्डावर?

काटा तसाच उघडा टाकला. वहीतून ते कार्ड काढलं, कागद उलगडला, दुकानातल्या संगणकाला लावलं. वाटत होतं पुसलेलं असणार. पुसलेलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. वेळापत्रकाची फाइल उघडली. जुनं वेळापत्रक, न उतरणारं. मग फाइलवर शेवटचं कधी लिहिलं गेलं ती तारीख बघितली. भावोजींनी बदललं असतं तर ती तारीख माझ्या दुरुस्तीच्या नंतरची असती. ती त्याच्या चाळीस दिवस आधीची होती. त्या चाळीस दिवसांत आणि त्यानंतरही त्या कार्डावर कुणी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी नाही. आणि मीही नाही.

शेवटचा आकडा टाकला, चालवून बघितलं, चाललं, तेवढ्यात फोन आला. गेल्या शनिवारी मीच इथे लिहिलंय, याच वहीत, माझ्याच अक्षरात. हातातलं तसंच टाकून धावले. माझं वेळापत्रक अकरा दिवस मेमरीत जगलं, आणि ते बंद-चालू करताच कार्डानं इमानदारीनं जुनं आणून मांडलं. जतन मी दिलंच नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती. केंद्र इथून बसनं दीड तास.

फोन लावला. "भावोजी, तीन नंबर बंद करा. आत्ता. तीस मोजा, चालू करा."

"काय झालं?"

"नंतर सांगते. आधी बंद करा."

मग म्हणाले, "नाही. ते बटण मी नाही दाबायचा. म्हणून तर त्याला पिंजरा ठोकला, की चुकूनही माझा हात जाऊ नये. काल एवढं सांगितलं तुला, आणि आज म्हणतेस परत दाबा? तू ये. तू दाब. किल्ली देतो."

तर पिंजरा माझ्यासाठी नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या हातासाठी ठोकला होता.

"मी पोचेपर्यंत दोन वाजतील."

"मग दोनला दाब. एका तासानं काय बिघडतंय?"

बारा चोवीस. माझ्यापुढे दोन वाटा होत्या आणि त्यातली एक मला फार आवडली होती. गप्प बसायचं. एकला तापक पेटेल, तीनला पुरावा पुसला जाईल, आणि हा माणूस जन्मभर स्वतःच्या बोटाकडे बघत राहील. मला काही करायचंच नव्हतं, नुसता फोन ठेवायचा होता. हे मी लिहितेय कारण ते क्षणभर मनात आलं, आणि क्षण काही लहान नव्हता. गेल्या सोमवारचं ते अंडं हातात गरम वाटत होतं, तेही खरं आहे.

मी म्हटलं, "भावोजी, नीट ऐका. ती अंडी तुमच्या बटणानं नाही गेली. मी जतन करायला विसरले होते. आत्ता तुम्ही दिलेलं कार्ड बघितलं, त्यावर माझं वेळापत्रक कधी उतरलंच नव्हतं. ताई पडल्याचा फोन आला आणि मी तशीच उठले. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, मी सांगितलं होतं अगदी तसं. चूक माझी होती. सगळी माझी."

मी फोन कानाला आणखी दाबला.

"हॅलो? भावोजी?"

"तुला माझी दया आली म्हणून सांगतेस ना हे?"

"मला तुमची दया आली असती तर काल रात्रीच काही बोलले नसते का? मी दयाबिया करणाऱ्यातली नाही. तारीख आहे फाइलवर. दाखवते. आता दाबा हो, पाया पडते तुमच्या!"

मग पावलं ऐकू आली. या खेपेला अंगणातून वळसा नाही, सरळ हॉलमधून. पंख्यांची घरघर मोठी होत गेली. किल्ल्यांचा खळखळाट झाला. "कुलूप गंजलंय," ते म्हणाले. मी घड्याळाकडे बघत होते. बारा एकतीस. बारा तेहेतीस. काहीतरी आपटलं, जाळी खणखणली.

"बंद करतोय," ते म्हणाले.

घरघर थांबली. आणि ते मोजायला लागले, मोठ्यानं, शाळेत पाढे म्हणतात तसं. एक, दोन, तीन. मीही इकडे ओठातल्या ओठात मोजत होते. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, त्याला मी हातानंच थांब म्हटलं. सतराला त्यांचा आवाज चिरकला. तेवीस, चोवीस. एकही आकडा त्यांनी गाळला नाही, घाई केली नाही. तीस.

"उठलं," ते म्हणाले. "सदतीस दशांश तीन. पंधरावा दिवस. बरोबर आहे का गं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं, आणि काउंटरवर डोकं टेकलं.

मंगळवार, २५

अठरावा दिवस. पिल्लं बाहेर पडायच्या कपाटात अंडी हलवायची, म्हणून सगळे हजर होते. बावीस नव्हते, एकोणीसच उरलेत. मी मालकीणबाईंना धुलाईच्या हॉलमध्ये बोलावलं. जागा तीच घेतली, नळाजवळची.

सांगितलं. कार्ड दाखवलं, तारीख दाखवली. 'जतन' म्हणजे काय तेही सांगावं लागलं, त्याशिवाय चूक कळत नाही. मान वर ठेवणं कठीण गेलं, पण ठेवली.

भावोजी पुढे आले. "बटण मी दाबलं होतं आणि विचारल्यावर गप्प बसलो. तेही लिहून घ्या," म्हणाले. बुटांकडे बघितलं नाही.

मालकीणबाईंनी कार्ड माझ्या हातात परत दिलं. "तेव्हाच बोलला असतात तर दोघांनाही काढलं असतं," त्या म्हणाल्या. "आता अंडी हलवा, ती गार होतायत."

संध्याकाळी ताईनं आम्हाला दोघांना समोर बसवून झापलं. "माझ्या एका मनगटापायी दोन वर्षं घरात सुतक पाळलंत तुम्ही! एकानं तरी मला विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं, ही दवाखान्यात सारखी म्हणत होती, काहीतरी राहिलंय गं ताई, काहीतरी राहिलंय."

मी असं म्हणत होते? मला अजिबात आठवत नाही.

निघताना भावोजींनी ते गंजकं कुलूप माझ्या हातात ठेवलं. "याचं आता काम नाही," म्हणाले. मग विचारलं, "शनिवारी एवढी घाई कशाची होती गं? बंद केलं तेव्हा आत काय होतं?"

मी म्हटलं, "नंतर सांगते."

ते हो म्हणाले. परत विचारलं नाही. विचारणारही नाहीत, ओळखते मी त्यांना.

शुक्रवार, २८

पहाटेपासून कपाटातून चिवचिवाट. अठरा हजारांवर पिल्लं. कंदीलबाईनं एक माझ्या तळहातावर ठेवलं. ओलसर होतं, डोळे मिटलेले, आणि पाय भलतेच मोठे.

त्या तेरा ओळींचा आता जगात कुठेही मागमूस नाही. कार्डावर कधी नव्हत्या, मेमरीतून गेल्या. मी काही बोलले नाही तर कुणाला कळायचा प्रश्नच नाही. सोय मीच तशी केली होती. फक्त या वहीत आहेत, तेरा तारखेच्या आणि एकोणीस तारखेच्या पानावर.

काल ती पानं फाडायला घेतली होती. कोपरा थोडा फाटलाही आहे. मग ठेवली.

दुपारी भावोजींच्या खोलीत गेले. ते पिल्लांच्या पेट्या मोजायला बाहेर होते. शेवटच्या या चार ओळी त्यांच्याच टेबलावर बसून लिहितेय, त्यांच्याच पेनानं. लिहून झालं की वही इथेच ठेवून जाणार आहे. वाचून बोलायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. फाटकापासून बस स्टॉपपर्यंत सावकाश चालत जाईन.

सुरुवातीपासून वाचा, असं वरच्या कागदावर लिहिलंय. मौनीबाबा हा शब्द सगळीकडे खोडणार होते. खोडला नाही.